मागून येणारा बाण

माझ्या पहिल्या नोकरीत उशीर मोजायला भिंतीवरचं घड्याळ पुरायचं. दुसऱ्या नोकरीत सेकंदाचे तुकडे करायची वेळ आली. बोलणी मात्र दोन्हीकडे सारखीच खाल्ली, आणि ती कधीही उशिरा आली नाहीत.

पहिली नोकरी परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. सकाळी बुक केलेला ट्रंक कॉल दुपारी लागला तर माणूस मला दुवा देऊन जायचा. पाथरीचे एक किराणा दुकानदार होते. काही कामानं परभणीला आले आणि नांदेडच्या भावाला ‘कधी निघतोस’ एवढंच विचारायला कॉल लावून बाकड्यावर बसले. कॉल लागेपर्यंत भाऊच एसटीनं परभणीत उतरला आणि शोधत शोधत एक्स्चेंजमध्ये येऊन त्यांच्या शेजारी टेकला. तेवढ्यात कॉल लागला. मी म्हटलं, आता रद्द करते. ते म्हणाले, “रद्द कशाला? लावलाय तर बोलतो की!” आणि ज्याच्या घरी फोन होता त्या भावाच्या शेजाऱ्याला त्यांनी तीन मिनिटं भरेपर्यंत सांगितलं, की तुमचा शेजारी माझ्याजवळ बसलाय, लय मजेत हाय.

पुढे ती नोकरी निवृत्तीच्या वेळेआधी सोडली. घरी बसून पापड लाटण्याचा माझा विचार आठवडाभर टिकला. मग पुण्याच्या एका लहानशा कंपनीला आमच्या भागात कुणीतरी हवं होतं. काम काय, तर इथलं चित्र दूरवर पोचवायचं आणि तिकडून आलेलं उत्तर इथे दाखवायचं, तेही ताबडतोब. मला वाटलं, हे तर आपलंच काम. फक्त दोऱ्या गेल्या.

किती चुकीचं वाटलं होतं ते एका लग्नात कळलं. परभणीतलं कार्यालय, मुलीचा मामा परदेशात. तो तिकडून पडद्यावर दिसणार आणि अक्षता टाकणार अशी हौस होती. आमच्या माणसांनी नेहमीचं थेट प्रक्षेपण जोडून दिलं. थेट म्हणायचं, एवढंच. चित्र मध्ये अडखळू नये म्हणून अशा प्रक्षेपणात काही सेकंदांचा साठा मागे ठेवतात, पंगतीतला वाढपी चार पोळ्या हाताशी ठेवतो तसा. त्यामुळे मामाकडे लग्न पोचेपर्यंत इथे मंगलाष्टकांचं पुढचं कडवं सुरू झालेलं असे, आणि मामाच्या अक्षता आमच्याकडे परत येईपर्यंत त्याच्याही पुढचं. भलत्याच ओळीवर मामा अक्षता टाकी, आणि सगळे ‘सावधान’ म्हणत तेव्हा तो हाताची घडी घालून उभा असे. शेवटी हार पडले, बँड वाजला, लोक पानांवर बसले, तरी पडद्यावर मामा भक्तिभावानं अक्षता उधळतच होता. वराची आत्या ओरडली, “आगं, त्याला कुणीतरी थांबवा! नवरा-नवरी जेवायलेत!”

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. एकाच बाजूनं बघायचं असेल तर उशीर झालेला कुणाला कळतही नाही. दोन्ही बाजूंनी काम करायचं असेल तर तोच उशीर लग्नाचं हसं करतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

मानवतला एका जिनिंगमध्ये नवी यंत्रं आली. जिनिंग म्हणजे कापसातली रुई आणि सरकी वेगळी करण्याचा कारखाना. यंत्रात कातड्याचे रोलर असतात, त्यांना लागून सुरी असते. रोलर रुई ओढून नेतो, सुरी सरकीला अडवते. सुरी आणि रोलर यांची जुळणी जरा बिघडली, की सरकी फुटते नाहीतर रुई खराब होते. ही जुळणी आपल्या इंजिनिअरच्या नजरेखालीच झाली पाहिजे, अशी यंत्रं बनवणाऱ्यांची अट होती. इंजिनिअर नागपूरला. म्हणून चष्मा आला.

हा चष्मा म्हणजे कपाळावर कॅमेरा, डोळ्यांपुढे काच आणि कानात बोलणं. घालणाऱ्याला जे दिसतं ते नागपूरला दिसतं. तिकडून इंजिनिअर पडद्यावर बोटानं बाण काढतो, आणि तो बाण इथल्या माणसाला समोरच्या खऱ्या लोखंडावर काढल्यासारखा दिसतो. हा नट सैल कर, तो आवळ. ऐकायला जादू वाटते. पण बाण उशिरा आला तर तो शेजारच्या नटावर बसतो, आणि शेजारचा नट आवळला की सुरी वाकते.

चष्मा घालणारा माणूस होता मारोतीमामा. वय साठीकडे झुकलेलं, मिशा पांढऱ्या, हाताची बोटं पान्यासारखी. मानवतजवळच्या एका खेड्यात त्याचं थोडं कोरडवाहू रान. तरुणपणी तो आणि बायको दरवर्षी ऊसतोडीला जायचे. एका वर्षी तो जिनिंगमध्ये हमालीला राहिला, बघत बघत फिटर झाला, आणि दोघांची तोड सुटली. पुढे मुलगा शिकला, नात आता मानवतला शाळेत जाते. मामा सांगायचा, “हातात पाना आला अन् कोयता सुटला बगा. एवढीच माझी कमाई.”

कारखान्याचे मॅनेजर काळे सरळ माणूस होते, आणि सरळ माणसं सरळच बोलतात. ते मला म्हणाले, “बाई, चष्मा जमला तर मामा राहतील. नाही जमला तर नागपूरचा माणूस इथेच ठेवावा लागेल. दोन फिटर मी ठेवू शकत नाही.” मुदत पंधरा दिवसांची. मामा शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकून मान डोलावली, आणि जाताना मला हळूच विचारलं, “बाई, जमंल ना? न्हाई तर ह्या वयात कोयता धरायचा, म्हंजे…”

पहिल्या दिवसाची चाचणी बघण्यासारखी होती. नागपूरचे वानखेडेसाहेब मोठे गोड आणि अखंड बोलणारे. “हां मामाजी, तो वरचा नट, बाण दाखवून राहिलो मी, दिसला का? हां, तोच, तोच!” मामाला बाण दिसला तो शेजारच्या पत्र्यावरच्या पालीवर. मामा म्हणाला, “बाण मागून यायलाय बाई. म्या पुढं गेलो की त्यो मागनं येतो. आमच्या बैलावाणी.”

मी कामाला लागले. उशीर मोजायची आमची पद्धत अगदी घरगुती आहे. मोबाइलवर पळतं घड्याळ लावायचं, ते कॅमेऱ्यापुढे धरायचं, आणि खरं घड्याळ व पडद्यावरचं घड्याळ दोन्हींचा एकच फोटो काढायचा. दोन आकड्यांत जो फरक तो आपला उशीर. मग हा उशीर कुठेकुठे सांडतो ते शोधायचं. थोडा कॅमेऱ्यात जातो, थोडा चित्र पाठवण्याजोगं लहान करायला त्याची घडी घालण्यात, थोडा वाटेत, थोडा घडी उलगडण्यात. प्रत्येक ठिकाणी जरासाच. शंभर ठिकाणी जरासं गळालं की बादली रिकामी होते.

सगळ्यात मोठी गळती वाटेतली होती. मामानं मान जराशी वळवली तरी बाण कुठे सरकवायचा हे विचारायला चित्र कुठल्या कुठे, मुंबईच्या कॉम्प्युटरकडे जायचं आणि परत यायचं. आम्ही तो विचारणारा-सांगणारा कॉम्प्युटरच जिनिंगमध्ये आणून ठेवला, वजनकाट्याच्या खोलीत. आमच्या धंद्यात ह्याला ‘एज’ म्हणतात, म्हणजे काठ, कड. मी मामाला सांगितलं, “दरवेळी मुंबईला विचारायला नको म्हणून जाणता माणूस बांधावरच आणून बसवलाय.”

“म्हंजे तालुक्याचं काम गावात तलाठीच करतो म्हना की.”

“हो. आणि हा तलाठी कधीही जागेवर सापडतो.”

“मग हे लय नवल हाय!” मामा म्हणाला.

त्या नवलाला दोन दिवसांत दम लागला. सकाळी बाण जागेवर, दुपारी पुन्हा मागे. मी त्या कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आतला पंखा रुईनं गच्च भरलेला. एखादी बाहुलीची गादी सहज झाली असती. तापलं की हे यंत्र आपणहून सावकाश चालतं, त्यामुळे उशीर वाढत होता. वर काट्यावरचे कारकून चहाचा ग्लास कोमट राहावा म्हणून त्याच डब्यावर ठेवत होते. मला म्हणाले, “तुमच्या डब्याचा हा एक फायदा आहे बघा मॅडम.” ग्लास मी हलवला. रुईचा उपाय मामानं केला. जुन्या धोतराचा तुकडा चौकटीवर ताणून त्यानं पंख्यापुढे बसवला आणि रोज झटकायचा नेम घातला. पुण्याहून मागवलेली जाळी महिन्यानं आली, ती अजून खोक्यातच आहे.

तरीही बाण हलत होता. आणि इथून माझी खरी फजिती सुरू झाली.

चष्मा मी घातला की बाण नटावर बसायचा, हलायचा नाही. काळेंनी घातला तरी ठीक. मामानं घातला की बाण नाचायला लागायचा. मी चष्मा बदलला, तारा बदलल्या, मामाची टोपी काढायला लावली, पट्टा घट्ट केला. वानखेडेसाहेब तिकडून, “चित्र हलून राहिलं मॅडम, तुमचं नेटवर्कच खराब आहे,” असं दिवसाला वीस वेळा ऐकवत. नेटवर्क तपासून तपासून मला तारा स्वप्नात दिसायला लागल्या. बाराव्या दिवशी माझा धीर संपला. मी पुण्याच्या आमच्या साहेबांना मेल लिहिला: यंत्रणा ठीक आहे, घालणारा माणूस योग्य नाही, तो बदलावा.

हे वाक्य मी लिहिलं, आणि बटण दाबून पाठवलंसुद्धा. मामाची कोयत्याची गोष्ट ऐकलेली असताना पाठवलं. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सामान आवरायच्या बेतानंच मी जिनिंगमध्ये गेले. शेजारची यंत्रं धडाडत होती. ज्याची जुळणी करायची तेवढं एकच बंद होतं आणि मामा त्याच्यापुढे उभा होता. आवाज सहन होईना म्हणून मी कानात रुईचे बोळे घातले आणि प्रथमच काही न ऐकता नुसतं बघत राहिले.

मामा मान डोलावत होता.

कानात वानखेडे बोलत होते, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मामा अदबीनं मान हलवत होता. व्हय जी. व्हय साहेब. आलं ध्यानात. जिनिंगच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही. तिथली माणसं उभा जन्म माना आणि हात हलवूनच बोलतात. मामाचा आवाज नागपूरला पोचतच नव्हता. म्हणून तो बिचारा मानेनं उत्तर देत होता. आणि कॅमेरा होता त्याच्या कपाळावर! दरवेळी मान हलली की सगळं चित्र वर-खाली झोके घेई, डब्याला ते नव्यानं ओळखावं लागे, आणि तोवर बाण जुन्या चित्रावरून घसरून भलतीकडे जाई. नागपूरला मामाची मान दिसणं शक्यच नव्हतं. त्यांना फक्त जग हलताना दिसत होतं. आम्ही सेकंदाचे तुकडे वेचत बसलो होतो, आणि सगळा उशीर एका माणसाच्या सभ्यपणात होता.

मी धावत जाऊन मामाला बाहेर आणलं. “मामा, साहेब बोलतात तेव्हा मान हलवायची नाही!”

“व्हय,” मामा म्हणाला आणि मान हलवली.

“आत्ता हलवलीत!”

“न्हाई हलवत,” असं म्हणून त्यानं पुन्हा हलवली.

दिवसभर प्रयत्न केला. काळेंनी कुठून तरी मानेचा पट्टा आणला. तो घालून मामा उभा राहिला तर सगळे हमाल काम टाकून विचारायला आले, कुठं पडला मामा, कोण डॉक्टर. शेवटी मामाच वैतागला. “बाई, मोठा माणूस बोलायलाय अन् आपन खांबावाणी हुबं ऱ्हायचं? ही मुजोरी झाली. माझ्यानं न्हाई हुत.”

खरं तर त्याचं बरोबर होतं. मग मला माझी जुनी नोकरी आठवली. एक्स्चेंजमध्ये पहिला धडा असायचा: जोडणी करताना बोलायचं नाही. मी वानखेड्यांना फोन लावला. म्हटलं, साहेब, बाण काढताना तुम्ही गप्प बसायचं. तुम्ही बोललात नाही तर मामांना उत्तर द्यावं लागणार नाही. पलीकडून क्षीण आवाज आला, “बिलकुल नाही बोलायचं?”

पण मामानं उत्तर तरी कसं द्यावं? ते जिनिंगमध्येच तयार होतं. उघडा पंजा म्हणजे कळलं. चिमूट म्हणजे थोडंसंच. घट्ट मूठ म्हणजे थांबा. हे हात कॅमेऱ्यापुढे येतात, म्हणजे नागपूरला दिसतात. डब्याला आम्ही एवढंच शिकवलं, की मामानं पंजा दाखवला की त्या क्षणाचं स्वच्छ चित्र धरून ठेव आणि बाण त्या लोखंडाला चिकटव. मग डोकं कुठेही फिरू दे. वानखेडेसाहेब दोन दिवस घरी बायकोला मुठी दाखवायला लावून त्या ओळखायचा सराव करत होते, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

राहिला तो मेल. मी पुण्याला फोन करून विचारलं, माझा मेल वाचलात का? आमचे साहेब म्हणाले, “सॉरी, दोन दिवस उघडलाच नाही. उशीर झाला. काही तातडीचं होतं का?” मी म्हटलं, नाही साहेब, न वाचता काढून टाका. उशिराशी भांडण्यात माझी उमर गेली, पण त्या एका उशिराला मी हात जोडले.

पंधराव्या दिवशी चाचणी झाली. काळे ऑफिसात पडद्यापुढे, मी यंत्राजवळ, मामा चष्मा लावून. एक यंत्र रुई खराब देत होतं, ते बंद केलं. नागपूरचा बाण आला आणि सुरीच्या नटावर बसला. मामानं पंजा दाखवला. बाण जागचा हलला नाही. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात मामानं हात पुढे केला आणि मूठ आवळली.

थांबा.

वानखेडे थांबले. मी पण चमकले. ह्या पंधरा दिवसांत मामानं साहेबांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मूठ तशीच ठेवून त्यानं दुसरा हात यंत्राच्या बाजूला, रोलरच्या टोकाशी, बेअरिंगवर टेकवला आणि चटका बसल्यासारखा झटकला. मग पान्यानं तिथे दोनदा ठोकून दाखवलं. सुरी ठीक होती. बेअरिंग गेलं होतं, म्हणून रोलर डळमळत होता. कॅमेऱ्याला दिसतं, पण ऊन-गार कळत नाही. सुरी तशीच आवळली असती तर रोलरच्या कातड्याचा भुगा झाला असता.

मग बाण सुरीवरून निघाला आणि हळूहळू येऊन मामाच्या बोटाशी बसला.

बेअरिंग बदललं, यंत्र लावलं, पांढरीशुभ्र रुई पडायला लागली. मी मामाला विचारलं, “हे आधी पण कळत होतं तुम्हाला? साहेब चुकतात ते?”

“कवाकवा.”

“मग सांगितलं का नाही?”

“मान हलवत हुतो ना! ‘ऐकलं’ म्हनून हलवायलो हुतो, ‘बरोबर हाय’ म्हनून न्हाई.”

काळे ऑफिसातून धावत आले आणि ओरडले, “मामा, चष्मा ठेवायचा ना? तुम्हीच घालायचा!” मामा खूश होऊन मान डोलवायला लागला. आत पडद्यावर छप्पर-जमीन, छप्पर-जमीन सुरू झालं, आणि वानखेडेसाहेब दोन दिवसांचं मौन सोडून मोठ्यानं हसले. उशीर किती होता ते मी मोजलं नाही.

यंदा दसऱ्याला मामानं घरी बोलावलं होतं. गावाच्या पाराजवळ ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉल्यांत भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या चढत होत्या. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं निघायची होती. मामाच्या ओसरीवर पाटावर हत्यारं मांडली होती: पाने, हातोडी, आणि मधोमध आमचा चष्मा. नातीनं कॅमेऱ्याच्या काचेवर बरोबर मधोमध हळदीकुंकू लावलं होतं. मी कपाळाला हात लावला. आता पुसून काढेपर्यंत नागपूरला सगळं मानवत लाल दिसणार होतं.

ओळीच्या शेवटी एक जुना कोयता होता. मूठ झिजलेली, पात्याला तेल लावलेलं, त्यावर झेंडूचं फूल. मी मामाला म्हटलं, हा तर सुटला ना तुमचा? मग ह्याची पूजा कशाला?

मामानं बाहेर ट्रॅक्टरकडे बघितलं. ह्या वेळी त्याची मान अजिबात हलली नाही.

“सुटला म्हनून तर करायची, बाई,” तो म्हणाला. “रुसला, तर परत हाक मारतो.”